खाणीची भिंत उघडी राहू द्या

पुण्यात टेकडीचा विषय निघाला की बोलणं झाडांवर येतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगद्यांच्या प्रस्तावाविरुद्ध वेताळ टेकडीसाठी पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. तेव्हाही चर्चा फिरत राहिली ती किती झाडं जाणार, पक्ष्यांचं काय होणार, भूजल किती आटणार याभोवती. हे मुद्दे खरे आहेत आणि त्या आंदोलनामागची भूमिका मला मनापासून पटते. पण झाडांच्या मुद्द्याला प्रशासनाकडे एक तयार उत्तर असतं: तोडली तेवढी, हवी तर तिप्पट, दुसरीकडे लावू. ती लावली जातात का, लावलेली जगतात का, हा पुढचा वाद. सुनावणीत मात्र हे उत्तर खपून जातं. दगडाबाबत असं उत्तर देण्याची सोयच नाही. फोडलेला कडा कुणालाही दुसरीकडे लावता येत नाही. तरीही टेकडी वाचवणारे आणि टेकडी फोडणारे, दोघेही दगडाला हिशेबात धरत नाहीत.

तो धरायला हवा, असं माझं म्हणणं आहे. पुण्याभोवतीच्या टेकड्या, घाटरस्त्यांवर कापलेले कडे आणि बंद पडलेल्या दगडखाणी यांतल्या निवडक जागा वारसास्थळं म्हणून राखल्या पाहिजेत. आणि त्या राखताना तिथला दगड लोकांना दिसता राहिला पाहिजे. नुसतं कुंपण घालून आत बाग फुलवण्याला मी राखणं म्हणत नाही.

पाहण्यासारखं त्यात काय आहे, असं अनेक जण विचारतात. कात्रजच्या किंवा दिवे घाटाच्या बाजूला, रस्त्यासाठी कापलेल्या एखाद्या उभ्या कड्यापाशी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं उभं राहावं आणि नजर खालून वर न्यावी. तळाशी घट्ट काळा दगड असतो, हातोडी मारली तर खणखणणारा. याच्याच आपण जोती बांधली, जाती आणि पाटे घडवले. जरा वर गेलं की त्यात बारीक भोकं दिसू लागतात. तापलेल्या लाव्हातले वायूचे बुडबुडे वर चढत होते, तेवढ्यात वरचा भाग थिजला आणि ते तिथेच अडकले. पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्याने ही भोकं भरून काढली. कुठे पांढऱ्या सुयांचे झुबके, कुठे काचेसारखे लखलखणारे स्फटिक, कडेला पातळ हिरवट लेप. त्यावर अनेक ठिकाणी विटकरी लाल मातीचा एक आडवा पट्टा येतो, कधी वीतभर, कधी कंबरभर. आणि त्या पट्ट्यावर पुन्हा घट्ट काळा दगड सुरू होतो, म्हणजे लाव्हाचा पुढचा थर. या नव्या थराच्या अगदी बुडाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसल्या तर त्या नीट पाहाव्यात. त्या कधी कधी एका बाजूला झुकलेल्या असतात. बुडाकडून वाफ आणि वायू वर येत असताना वरचा लाव्हा अजून सरकत होता, म्हणून त्या झुकल्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथून वाहणारा लाव्हा कुठल्या दिशेला चालला होता, याचा माग त्यांच्यावरून काढता येतो. हे सगळं रस्त्याच्या कडेला आहे, तिकीट नाही आणि दुर्बीणही लागत नाही.

दख्खनचा हा लाव्हा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. एवढा लाव्हा किती काळात ओतला गेला आणि डायनोसॉर नष्ट होण्यात त्याचा वाटा किती, हा भूविज्ञानातला फार मोठा वाद आहे. मेक्सिकोजवळ आदळलेली उल्का एका बाजूला आणि आपला दख्खन दुसऱ्या बाजूला. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात या प्रश्नावर दोन शोधनिबंध आले. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने लाव्हाच्या थरांमधल्या त्या लाल मातीत झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म कण शोधले आणि त्यातल्या युरेनियम-शिशावरून वय काढलं. बर्कलेच्या गटाने खुद्द लाव्हातल्या आर्गॉनवरून. एकाच्या हिशेबाने उद्रेकाचा एक मोठा झटका सामूहिक विनाशाच्या थोडा आधी आला. दुसऱ्याच्या हिशेबाने लाव्हाचा मोठा भाग त्यानंतर बाहेर पडला. नमुने दोघांचेही आपल्याच घाटांतले.

यातली लाल माती मला फार महत्त्वाची वाटते. रस्त्याच्या कामावर तिला मुरूम समजून भरावात टाकतात. कुठे ती ठिसूळ आहे, पावसात ढासळते, म्हणून तिच्यावर सिमेंटचा फवारा मारून ती झाकतात. सुरक्षिततेसाठी काही ठिकाणी झाकावीही लागेल, त्याला माझी हरकत नाही. पण डायनोसॉरांच्या अंताचं वेळापत्रक जिच्यातून वाचलं जातंय, ती माती कुठे राखायची आणि कुठे झाकायची हे ठरवताना भूशास्त्र जाणणारं कुणी विचारात घेतलं जातं का? रस्त्याच्या कंत्राटात त्यासाठी एखादी ओळ तरी असते का? दिवे घाटातून आषाढीला ज्ञानोबांची पालखी चढते. भूवैज्ञानिकांच्या एका वर्गीकरणात लाव्हाच्या थरांच्या एका संपूर्ण गटालाच 'दिवेघाट' हे नाव दिलेलं आहे. ज्या घाटाचं नाव भूविज्ञानात असं जाऊन बसलं आहे, त्या घाटात रस्ता रुंद करताना कड्याचा निदान एक पट्टा अभ्यासासाठी मोकळा सोडणं ही काही अवाजवी अपेक्षा नाही.

दुसरं उदाहरण शहरापासून थोडं लांबचं, पण मुद्दा त्याने अधिक स्पष्ट होतो. जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुक इथे कुकडी नदीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक पांढुरका थर आहे. ही राख दख्खनच्या लाव्हाची नाही, तो तर कितीतरी आधी थंड होऊन गेला होता. ती सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीतून उडून आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना इथे राखेबरोबर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही मिळाली. साहजिकच राखेचं वय म्हणजे त्या माणसाच्या काळाचा दाखला. ते वय किती? एका मोजणीने सुमारे १४ लाख वर्षं. दुसऱ्या मोजणीने पावणेसात लाखांच्या आसपास. तिसऱ्या मताप्रमाणे ही तोबाच्या शेवटच्या महाउद्रेकाची राख, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांपूर्वीची. महाराष्ट्रात माणूस केव्हापासून वावरतो या प्रश्नाचं उत्तर या तिन्हींमध्ये किती बदलतं, ते पाहा.

हे वाद मिटवायचे तर पुन्हा त्या जागी जावं लागतं. दहा वर्षांनी नवं यंत्र येतं, नवी पद्धत येते, कुणाला तरी जुन्या मोजणीवर शंका येते आणि तो नदीकाठी परत जाऊन नव्याने नमुना घेतो. प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलेला तुकडा यासाठी अपुरा पडतो. त्याच्या वर कोणता थर होता, खाली कोणता, राख वाऱ्याने आलेली जागेवरच पडली की नदीने दुसरीकडून वाहून आणली, हे फक्त ती जागा सांगते. वाळूउपशाने काठ ढासळला किंवा सपाटीकरणात गेला, की वाद जिथे होता तिथेच कायमचा अडकतो. मग कुणी बरोबर होतं की चूक, हे तपासण्याचा मार्गच बंद होतो. भूवारशाच्या बाजूने माझ्या मते हा सगळ्यांत भक्कम युक्तिवाद आहे. सौंदर्य, पर्यटन वगैरे त्यानंतर.

आता खाणींकडे येतो, कारण तिथे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे.

वाघोलीच्या दगडखाणी खनिजप्रेमींमध्ये जगभर प्रसिद्ध आहेत. कॅव्हॅनसाइट नावाचं मोरपंखी निळ्या रंगाचं एक दुर्मिळ खनिज आहे, कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं. ते आधी अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये सापडलं, पण त्याचे जगातले सर्वोत्तम नमुने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून वाघोलीतून निघाले. स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजाच्या बिछान्यावर निळ्या काट्यांचा गोळा, अशी त्याची ठेवण. परदेशातल्या संग्रहालयांच्या काचपेट्यांत त्याच्या चिठ्ठीवर 'वाघोली, पुणे, महाराष्ट्र' असं लिहिलेलं असतं. पाषाणच्या बाजूच्या खाणींतून निघालेलं हिरवं अ‍ॅपोफिलाइटही असंच नावाजलेलं. वाघोलीत फ्लॅट घेणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही.

या खाणी नसत्या तर हे खनिज कुणालाच दिसलं नसतं, हेही तितकंच खरं. म्हणून मी खाणींचा सरसकट शत्रू नाही. पुण्यातली प्रत्येक इमारत, प्रत्येक रस्ता याच टेकड्यांच्या खडीवर उभा आहे. वडार समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या या खाणींमध्ये राबल्या. भोकांमधले स्फटिक न तुटता काढण्याचं कसब पहिल्यांदा त्यांच्याच हातांना अवगत झालं. प्रश्न खाण संपल्यानंतरचा आहे. क्रशर बंद पडतो, खोल खड्डा उरतो, आणि मग रात्री राडारोड्याचे डंपर येऊ लागतात. काही वर्षांत खड्डा बुजतो, वर सपाट प्लॉट तयार होतो. जो दगड दोन-तीन पिढ्यांच्या मेहनतीने उघडा पडला होता, तो सिमेंटच्या तुकड्यांखाली आणि जुन्या टाइलांखाली गाडला जातो. फोडतानाचं नुकसान सगळ्यांना दिसतं, वर्तमानपत्रं त्याला टेकडीफोड म्हणून मथळा देतात. बुजवतानाचं नुकसान मात्र कुणी मोजत नाही, उलट 'धोकादायक खड्डा बुजवला' म्हणून समाधान व्यक्त होतं. खड्ड्याला कठडा हवा, पाण्यात मुलं बुडू नयेत, हे निर्विवाद. पण कठडा बांधणं आणि भिंत गाडून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ती बुजवली नाही म्हणून आज तिथे पाणी साठतं, पक्षी येतात, आणि खाणीच्या बाजूंचा उघडा दगड रोज फिरायला येणाऱ्यांच्या नजरेसमोर राहतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: महाराष्ट्रभर तोच तर काळा दगड आहे, पुण्यातला एक तुकडा गेला तर बिघडलं काय? जमिनीखाली तो सर्वत्र आहे, हे बरोबर. पण सलग, ताजा, थरांची वरची आणि खालची बाजू एकत्र दाखवणारा उभा छेद फार थोड्या ठिकाणी मिळतो. त्यातही असे छेद हजारो विद्यार्थ्यांपासून बसच्या अंतरावर असणं आणखी दुर्मिळ. शहरात विद्यापीठ आहे, भूशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत, डेक्कन कॉलेज आहे. आणि 'दख्खनचं पठार अग्निजन्य खडकाचं बनलेलं आहे' हे वाक्य तर प्रत्येक शाळेत पाठ होतं. ते वाक्य पाठ करणारं पोर टेकडीच्या पायथ्याशी राहत असतं आणि त्याला एकदाही त्या दगडासमोर नेऊन उभं केलं जात नाही. याची मला खरोखर चीड येते.

दगड झाकण्याचं काम फक्त बिल्डर करतात असंही नाही. चांगल्या हेतूनेही ते झालं आहे. पुण्याच्या टेकड्यांवर काही दशकांपूर्वी गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं, कारण ते भराभर वाढतं आणि उजाड टेकडी हिरवी दिसते. पण 'उजाड' म्हटलेल्या त्या टेकड्या मुळात गवताच्या, काटेरी झुडपांच्या आणि उघड्या कातळाच्या होत्या. गवताळ माळाच्या बाजूने वनस्पती आणि पक्ष्यांचे अभ्यासक आता बोलू लागले आहेत, ते चांगलंच आहे. कातळाच्या बाजूने बोलणारं अजून कुणी नाही. दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे उत्साही गट कातळाच्या कडेला पहारीने खड्डे खणताना दिसतात, तेव्हा त्यांच्या कळकळीबद्दल आदर ठेवूनही सांगावंसं वाटतं की ही जागा सोडा. कातळ मोकळा असणं हा टेकडीचा आजार नव्हे.

भूजलाच्या मुद्द्यालाही दगडाचं भान आलं तर बळ येईल. टेकडीत पाणी मुरतं ते भेगांमधून आणि सच्छिद्र थरांतून, आणि खाली घट्ट थर लागला की आडवं सरकून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, त्या योजनेला पाणी पुरवलं ते दक्षिणेच्या याच डोंगरांनी. आज पुण्यातलीच 'अ‍ॅक्वाडॅम' ही संस्था शहराखालच्या जलधरांचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थरांचा, अभ्यास मांडते. त्या अभ्यासाचा पायाच मुळी कोणता थर कुठे आहे हे ओळखणं हा आहे. बोगद्याचा आराखडा आणि थरांचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिल्याशिवाय पाण्याचं काय होईल, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

कायद्याची बाजू मात्र लंगडी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण काही जागांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित करतं. महाराष्ट्रातलं लोणार सरोवर त्या यादीत आहे. पण या घोषणेला पुरातत्त्व कायद्यासारखे दात नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्या मसुद्यात अधिकार फार केंद्रित होते, अशी टीका तेव्हा झाली आणि ती रास्त होती. २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनचा लाव्हा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला, याचा आनंद आहे. पण युनेस्कोच्या यादीची वाट पाहत बसलो तर वाघोलीत तोवर काही उरणार नाही.

शहराच्या हातात काय आहे, हे पाहायला अंधेरीपर्यंत जावं. गिल्बर्ट हिल हा काळ्या दगडाच्या उभ्या खांबांचा सुमारे ६० मीटर उंच सुळका, माथ्यावर गावदेवीचं मंदिर. मुंबईने २००७ मध्ये त्याला वारसा यादीत दुसरा दर्जा दिला. म्हणजे इमारतींसाठी केलेल्या शहराच्या वारसा यादीत नैसर्गिक दगडही बसू शकतो, हे महाराष्ट्रात सिद्ध झालेलं आहे. त्याच गिल्बर्ट हिलला आज चारही बाजूंनी घरांनी आणि इमारतींनी असं वेढलं आहे की त्याचे खांब पाहायला मोकळी जागा शोधावी लागते. त्यामुळे नुसत्या दर्ज्याने भागत नाही, भोवतीची मोकळी जागाही त्याबरोबर बांधून घ्यावी लागते. पुण्याने हा धडा आयता घ्यावा. पुण्यातल्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. सजीवांसाठी जी सोय आपण करू शकलो, ती दगडासाठी का होऊ नये?

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं राखीव आहे, कारण आठव्या शतकात कुणीतरी तिथल्या कातळाला छिन्नी लावली. छिन्नी लागलेला दगड तेवढा वारसा आणि न लागलेला सगळा खडीचा माल, ही वाटणी मला मान्य नाही.

काम फार खर्चाचं नाही. महापालिकेने विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांना सोबत घेऊन हद्दीतल्या उघड्या छेदांची पाहणी करावी. एका हिवाळ्यात ती होऊ शकते, विद्यार्थ्यांना त्यातून शिकायलाही मिळेल. त्यातून निवडलेल्या जागा वारसा यादीत आणि विकास आराखड्यात भोवतीच्या मोकळ्या पट्ट्यासकट दाखवाव्यात. खाणीचा परवाना संपताना किंवा जागेचा वापर बदलताना एक भिंत उघडी ठेवण्याची अट घालावी. घाटरस्त्यांच्या कामांत हीच अट सार्वजनिक बांधकाम आणि महामार्गवाल्यांनाही लागू व्हावी. बोरीचा काठ आणि निघोज-टाकळी हाजीचे कुकडीतले रांजणखळगे शहराच्या हद्दीबाहेर आहेत, तिथे जिल्हा प्रशासनाने आणि ग्रामपंचायतींनी पुढाकार घ्यावा. निघोजला मळगंगा देवीमुळे आणि पर्यटकांमुळे निदान लोकांचं लक्ष तरी असतं, बोरीला तेही नाही. प्रत्येक जागी मराठीत लिहिलेला एक फलक हवा, आठवीच्या मुलाला कळेल असा, थर कुठून कुठपर्यंत आहे ते बाण काढून दाखवणारा.

सुरुवात वाघोलीपासून व्हावी. २०२१ मध्ये ते गाव महापालिकेत आलं, त्यामुळे आता जबाबदारी कुणाची हा प्रश्न उरलेला नाही, आणि तिथल्या खाणींच्या काठापर्यंत इमारती पोचल्या आहेत.